इंग्रजीतून मनापासून आभार मानायचे तर: शब्द निवडण्याची पायरीवार रीत

गोव्यात प्राथमिक शाळा मराठीतून आणि पाचवीपासून पुढचं शिक्षण इंग्रजीतून, असा प्रवास केलेल्या अनेकांचं इंग्रजी कामापुरतं पक्कं असतं. अर्ज लिहिता येतो, हॉटेलातल्या पाहुण्यांशी बोलता येतं. अडतं ते आभारांच्या जागी. साधं ‘थँक यू’ अपुरं वाटतं, म्हणून माणूस जोर वाढवायला जातो आणि ‘व्हेरी व्हेरी थँक्स’, ‘आय व्हेरी थँक यू’, ‘थँक यू टू मच’ असं काहीतरी लिहून बसतो. भावना खरी असते, पण वाचणारा वाक्यातच अडखळतो.

शब्द कमी पडतात म्हणून हे क्वचितच होतं. मराठीत ‘खूप’, ‘मनःपूर्वक’, ‘शतशः’ यांपैकी कोणताही शब्द ‘आभार’च्या आधी ठेवला की काम भागतं. इंग्रजीत जोराचा प्रत्येक शब्द ठरावीक शब्दालाच चिकटतो, आणि आभारांना वजन येतं ते ‘कशाबद्दल’ या भागातून. म्हणून खालचा क्रम पाळा. इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत, ती मोठ्याने म्हणून पाहा. कानाला सवय झाली की हात आपोआप बरोबर लिहितो.

## तयारी: इंग्रजीला हात लावण्याआधी

कागदावर मराठीतच तीन ओळी लिहा. कोणाचे आभार मानायचे आहेत. त्यांच्या कोणत्या नेमक्या कृतीबद्दल. आणि त्या कृतीने तुमचं काय साधलं किंवा काय टळलं.

समजा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, वडिलांचं ऑपरेशन झालं आणि वॉर्डातल्या सिस्टरना चिठ्ठी लिहायची आहे. पहिली ओळ: रात्रपाळीच्या सिस्टर. दुसरी: तीन रात्री वरचेवर येऊन वडिलांना पाहिलं, आईला समजावून घरी झोपायला पाठवलं. तिसरी: त्यामुळे आई थोडी विसावली, आम्ही निर्धास्त राहिलो. एवढं हाती असलं की अर्धं काम झालं. बहुतेक जण दुसऱ्या ओळीत फक्त ‘मदत केली’ एवढंच लिहितात आणि मग ती रिकामी जागा भरायला ‘व्हेरी’ची रांग लावतात.

याच वेळी उपकाराचा आकार ठरवा. कोणी लिफ्टचं दार धरलं, मीठ पुढे सरकवलं, तर नुसतं ‘थँक्स’ पुरे. आपल्या घरांत अशा गोष्टींसाठी आभार मानत नाहीत, उलट ‘आभार कसले मानतोस’ असं ऐकावं लागतं. इंग्रजीत मात्र ते अपेक्षित असतं, पण हलक्या हाताने. मीठ सरकवणाऱ्याला ‘आय ॲम डीपली ग्रेटफुल’ म्हटलं तर त्याला थट्टा वाटेल.

तपासा: दुसऱ्या ओळीत क्रियापद आहे का? ‘सहकार्य’, ‘मार्गदर्शन’, ‘पाठिंबा’ अशी नुसती नामं असतील तर अजून एकदा विचार करा. मार्गदर्शन म्हणजे त्यांनी प्रत्यक्ष केलं काय?

## १. वाक्याचा सांगाडा निवडा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे वेळ घ्या. कामाचे सांगाडे पाच आहेत.

पहिला ‘थँक यू’. यात ‘थँक’ हे क्रियापद आहे आणि ‘यू’ त्याचं कर्म. क्रियापदाच्या आधी ‘व्हेरी’ येत नाही, म्हणून जोर मागून लावायचा: ‘थँक यू व्हेरी मच’, ‘थँक यू सो मच’. ‘थँक्स’ हे मात्र नाम आहे, तेही नेहमी अनेकवचनी. त्यामुळे ‘मेनी थँक्स’ आणि ‘थँक्स अ लॉट’ चालतं. ‘मच थँक्स’ नको, आणि ‘थँक यू अ लॉट’ कानाला खटकतं.

दुसरा ‘आय ॲम ग्रेटफुल’. हे विशेषण, म्हणून इथे ‘व्हेरी’ला हक्काची जागा आहे. माणसासाठी ‘टू’, गोष्टीसाठी ‘फॉर’: ‘आय ॲम व्हेरी ग्रेटफुल टू यू फॉर युवर ॲडव्हाइस’. ही दोन अव्ययं उलटली की अर्थ बदलतो. ‘आय ॲम ग्रेटफुल फॉर यू’ म्हणजे तुम्ही माझ्या आयुष्यात आहात याबद्दल मी कृतज्ञ आहे. जिवलग मैत्रिणीला ते शोभेल, मामलेदार कचेरीतल्या अधिकाऱ्याला नाही.

‘थँकफुल’ हा त्याचा सख्खा भाऊ वाटतो, पण त्यात सुटकेचा भाव जास्त असतो. विसर्जनाच्या वेळी पाऊस थांबला, अपघातात कोणाला लागलं नाही, अशा जागी ‘वी आर थँकफुल’. माणसाने मुद्दाम केलेल्या चांगल्या कामासाठी ‘ग्रेटफुल’ घ्या. ‘आय ॲम व्हेरी मच थँकफुल टू यू’ हे आपल्याकडच्या पत्रांतलं आवडतं वाक्य ‘आय ॲम व्हेरी ग्रेटफुल टू यू’ असं केलं की लगेच सरळ होतं.

तिसरा ‘ॲप्रिशिएट’. हे क्रियापद कर्माशिवाय उभं राहत नाही. ‘आय ॲम ॲप्रिशिएट’ चूक, ‘आय व्हेरी ॲप्रिशिएट’ चूक. ‘आय रिअली ॲप्रिशिएट युवर हेल्प’ बरोबर. कशाबद्दल ते आधीच बोलून झालं असेल तर ‘आय रिअली ॲप्रिशिएट इट’, पण तो ‘इट’ सोडायचा नाही. ऑफिसात, बरोबरीच्या माणसांत हा सांगाडा सर्वांत उपयोगी, कारण त्यात जिव्हाळा आहे आणि लोटांगण नाही.

चौथा ‘इट वॉज व्हेरी काइंड ऑफ यू’. अनोळखी माणसाने आपणहून काही केलं तर हाच घ्या. यापुढे ‘टू’ आणि साधं क्रियापद येतं: ‘इट वॉज व्हेरी काइंड ऑफ यू टू वेट फॉर अस’. ‘काइंड फ्रॉम यू’ नाही.

पाचवा मोठ्या उपकारांसाठी राखून ठेवा: ‘आय ओ यू अ ग्रेट डील’ किंवा पत्रात ‘आय ॲम डीपली इनडेटेड टू यू’. ‘आय ओ यू वन’ हे मित्रांतलं, हलकंफुलकं. साहेबांना लिहू नका.

सावध: मराठीतून थेट आणलेले शब्द. ‘उपकार’साठी ‘ऑब्लिगेशन’ घेतलं की बंधन, सक्ती असा अर्थ लागतो. ‘फेव्हर’ हा शब्द छोट्या कामापुरता आहे, ज्यांनी जीव वाचवला त्यांनी ‘फेव्हर’ केला असं म्हणत नाहीत. ‘तुमच्यामुळे नोकरी लागली’ याचं ‘बिकॉज ऑफ यू’ केलं तर सुरुवातीलाच दोष देण्याचा सूर ऐकू येतो. ‘थँक्स टू यू, आय गॉट द जॉब’ लिहा. ‘तुम्ही त्रास घेतलात’ याला ‘थँक यू फॉर टेकिंग द ट्रबल टू कम’ अशी तयार जागा आहे. नुसतं ‘थँक यू फॉर द ट्रबल’ म्हटलं तर त्रास दिल्याबद्दल आभार होतात. आणि ‘मनःपूर्वक’ला ‘हार्टी’ नव्हे, ‘हार्टफेल्ट’. ‘हार्टी’ स्वागताला, जेवणाला, हसण्याला लागतं.

## २. जोराचा शब्द एकच लावा

‘थँक यू’ला ‘सो मच’ किंवा ‘व्हेरी मच’. दोन्हींत फरक आहे. ‘सो मच’ बोलण्यातलं, जवळिकीचं. ‘व्हेरी मच’ जरा औपचारिक, पत्राला आणि व्यासपीठाला शोभणारं. त्याहून वर चढायचं तर ब्रिटिश वळणाचं ‘थँक यू व्हेरी मच इनडीड’. हा ‘इनडीड’ ‘व्हेरी’बरोबरच बसतो, ‘सो मच इनडीड’ होत नाही.

‘ग्रेटफुल’ला ‘व्हेरी’, ‘सो’, ‘ट्रूली’, ‘डीपली’, ‘इमेन्सली’. ‘व्हेरी मच ग्रेटफुल’ नको. ‘इटर्नली ग्रेटफुल’ म्हणजे जन्मभर ऋणी. बँकेतल्या क्लार्कने पासबुक भरून दिल्यावर तो वापरला तर अवघडल्यासारखं होतं.

‘ॲप्रिशिएट’ला ‘रिअली’, ‘ट्रूली’, किंवा सुंदर पण आपल्याकडे विसरला गेलेला ‘डू’: ‘आय डू ॲप्रिशिएट इट’. समोरच्याला वाटत असेल की आपल्या कामाची दखल घेतली गेली नाही, तर हा ‘डू’ नेमकं काम करतो.

‘थँक्स’ला ‘मेनी’, ‘स्पेशल’, ‘सिन्सिअर’, ‘हार्टफेल्ट’. ‘थँक्स अ मिलियन’ आणि ‘थँक्स अ टन’ मित्रांपुरते.

‘टू मच’ कधीही नको. तो ‘टू’ म्हणजे प्रमाणाबाहेर, नको इतकं. जेवणात मीठ ‘टू मच’ होतं, आभार नाही.

सावध: उलटा अर्थ. ‘थँक्स अ लॉट’ सपाट आवाजात, ‘लॉट’वर ठोका देऊन म्हटलं की ते टोमण्यासारखं लागतं. ‘थँक्स अ बंच’ ब्रिटिश कानांना बहुतेक वेळा उपरोधच वाटतो. सिझनात कळंगुट-कांदोळीला ब्रिटिश पाहुण्यांबरोबर काम करणाऱ्यांनी तो टाळलेलाच बरा. ‘थँक्स फॉर नथिंग’ हा तर सरळ टोमणा, ‘काही नाही, सहज आभार’ असा त्याचा अर्थ नाही.

तपासा: वाक्यातला जोराचा शब्द पुसून पाहा. वाक्य तरीही उबदार वाटतं का? नसेल वाटत, तर कमतरता पुढच्या पायरीत आहे.

## ३. ‘फॉर’ नंतरचा भाग भरा

‘थँक यू’ नंतर ‘फॉर’, आणि ‘फॉर’ नंतर नाम किंवा ‘इंग’ लागलेलं क्रियापद. ‘थँक यू फॉर हेल्पिंग मी’. ‘थँक यू टू हेल्प मी’ चूक, ‘थँक यू फॉर हेल्प मी’ही चूक. गोंधळ होतो तो चौथ्या सांगाड्यामुळे, कारण तिथे ‘काइंड ऑफ यू’ नंतर ‘टू हेल्प’च बरोबर असतं. दोन वाक्यं शेजारी लिहून भिंतीला लावा: ‘थँक यू फॉर हेल्पिंग’, ‘काइंड ऑफ यू टू हेल्प’.

काम होऊन गेलं असलं तरी ‘हेल्पिंग’च चालतं. ‘फॉर हॅविंग हेल्प्ड’ चूक नाही, पण जड आहे.

‘हेल्प’, ‘ॲडव्हाइस’, ‘सपोर्ट’, ‘ग्रॅटिट्यूड’ यांना आभाराच्या वाक्यात ‘एस’ लावून अनेकवचन करू नका. मराठीत ‘सल्ले’ होतात, म्हणून ‘ॲडव्हाइसेस’ लिहिलं जातं.

आता तयारीतली दुसरी ओळ इथे आणा. ‘थँक यू सो मच फॉर युवर काइंड को-ऑपरेशन’ हे कोणालाही लिहिता येतं, म्हणून ते कोणालाच लागत नाही. ‘थँक यू सो मच फॉर चेकिंग ऑन माय फादर थ्रू द नाइट’ हे फक्त त्या सिस्टरना लिहिता येतं. ‘युवर प्रेशस टाइम’ याऐवजी ‘फॉर मेकिंग टाइम टू सी मी ऑन अ संडे’. रविवार लिहिला की समोरच्याने काय सोडून वेळ दिला ते तुम्हाला कळलंय, हे त्यालाही कळतं.

प्रयत्न केला पण काम झालं नाही, अशा माणसाचे आभार मानायला आपण बहुधा विसरतो. त्याला ‘थँक यू फॉर ट्रायिंग’ किंवा ‘थँक्स ऑल द सेम’. ‘थँक्स एनीवे’ही बरोबर, पण त्यात निराशा जराशी डोकावते.

## ४. फरक सांगणारं एक वाक्य जोडा

तिसरी ओळ आता वापरायची. हे वाक्य ‘थँक’ शब्दाशिवायचं असावं.

‘आय कुड नॉट हॅव डन इट विदाउट यू’: तुमच्याशिवाय जमलंच नसतं. खरं असेल तेव्हाच लिहा, मग याहून जोरकस वाक्य शोधावं लागत नाही. ‘इट मेंट अ लॉट टू अस’: आमच्यासाठी ते मोलाचं होतं. ‘आय कान्ट थँक यू इनफ’: कितीही आभार मानले तरी थोडेच. शब्दशः अर्थ लावून ‘मी पुरेसे आभार मानू शकत नाही, म्हणजे उणीव आहे’ असं समजून काहीजण हे वाक्य टाळतात; टाळू नका, ते मोठ्या आभारांचंच आहे.

‘वर्ड्स कॅनॉट एक्स्प्रेस’ मात्र झिजलेलं आहे. तेवढ्याच जागेत एक खरी गोष्ट सांगता येते.

‘आय विल नेव्हर फर्गेट व्हॉट यू डिड’ हे एकटं सोडू नका. मागेपुढे दयाळूपणाचा उल्लेख नसेल तर तीच शब्दरचना धमकीचीही आहे. ‘आय विल नेव्हर फर्गेट हाऊ काइंड यू वेअर’ असं लिहा. तसंच ‘यू आर अ लाइफसेव्हर’ हे पेन उसनं देणाऱ्याला, गाडी सुरू करून देणाऱ्याला म्हणायचं. खरोखर प्राण वाचवलेल्या डॉक्टरांना ते थिटं पडतं. तिथे सरळ ‘यू सेव्ह्ड हिज लाइफ’.

## ५. माणूस आणि जागा पाहून सूर लावा

आपल्याकडे ‘देव बरें करूं’ म्हणण्याची सुरेख पद्धत आहे, आणि तिचं ‘गॉड ब्लेस यू’ लगेच सुचतं. घरातल्या थोरांनी लहानांना, चर्चमधल्या ओळखीच्या माणसाला ते चांगलं वाटतं. हॉटेलातल्या पाहुण्याला किंवा परदेशी कंपनीच्या एचआरला ते अवेळी वाटू शकतं. तिथे ‘विथ माय वॉर्मेस्ट थँक्स’ घ्या. जुन्या पिढीच्या तोंडी असलेल्या पोर्तुगीज ‘ओब्रिगाद’चा मूळ अर्थ ‘बांधील’, म्हणून त्याचं ‘मच ऑब्लाइज्ड’ करावंसं वाटतं. अर्थ जुळतो, पण आजच्या इंग्रजीत ते जुनाट लागतं. शिवाय ‘आय ॲम ऑब्लाइज्ड टू इन्फॉर्म यू’ म्हणजे कळवणं मला भाग आहे, हा वेगळाच रस्ता.

मेसेजमध्ये ‘टीवायएसएम’ (‘थँक यू सो मच’ची आद्याक्षरं) मित्रांना. शिफारसपत्र दिलेल्या प्राध्यापकांना पूर्ण शब्द.

## ६. विनंती करताना आगाऊ आभार जपून

‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ हे अर्जाच्या शेवटी हमखास दिसतं. त्यातून ‘तुम्ही काम करणार हे मी धरून चाललोय’ असा अर्थ निघतो. काम अजून व्हायचं असेल तर जोर आभारात न लावता विनंतीत लावा: ‘आय वुड बी व्हेरी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड मी द सर्टिफिकेट बाय फ्रायडे’. ‘ॲप्रिशिएट’ वापरलं तर ‘इट’ हवाच: ‘आय वुड ॲप्रिशिएट इट इफ…’. सर्वांत वारंवार गळणारा शब्द हाच.

## ७. आभारप्रदर्शन

शाळेच्या गॅदरिंगला किंवा संस्थेच्या कार्यक्रमाला इंग्रजीतून आभार मानायची वेळ आली की पंधरा वेळा ‘आय वुड लाइक टू थँक’ ऐकू येतं. व्होट ऑफ थँक्स ‘गिव्ह’ करण्यापेक्षा ‘प्रपोज’ करणं औपचारिक कार्यक्रमाला जास्त शोभतं: ‘इट इज माय प्रिव्हिलेज टू प्रपोज द व्होट ऑफ थँक्स’. नंतर माणसं गटांत बांधा, पाहुणे, देणगीदार, शिक्षक, मांडव-प्रकाश-ध्वनीवाले, आणि प्रत्येक गटाला एक कृती द्या. वाक्यं बदलत ठेवा: ‘अवर थँक्स गो टू…’, ‘वी आर ग्रेटफुल टू…’, ‘धिस इव्हनिंग वुड नॉट हॅव बीन पॉसिबल विदाउट…’.

‘अवर थँक्स टू द पोलीस’ म्हणजे पोलिसांचे आभार. ‘थँक्स टू द पोलीस, द रोड वॉज क्लोज्ड’ म्हणजे पोलिसांमुळे रस्ता बंद होता. ‘अवर’ गळला की तक्रार होते.

‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ पडद्यामागच्या माणसांसाठी राखून ठेवण्याची सवय सोडा. त्यांना मधे, नावानिशी घ्या.

## ८. बोलताना

आपला ‘थ’ जीभ दातांना टेकवून, हवा अडवून सोडला जातो. इंग्रजी ‘थँक’मध्ये जिभेचं टोक वरच्या-खालच्या दातांच्या फटीत हलकं ठेवून हवा सतत वाहू द्यायची. दहा वेळा नुसती हवा सोडा, मग शब्द म्हणा. ‘टँक यू’ ऐकू येऊ नये एवढंच उद्दिष्ट.

ठोका ‘सो’वर: ‘थँक यू *सो* मच’. समोरच्याने आधी आभार मानले असतील तर ठोका ‘यू’वर जातो: ‘थँक *यू*’, म्हणजे आभार तर तुमचे. आभाराला उत्तर म्हणून ‘मेन्शन नॉट’ नको; ‘यू आर वेलकम’, ‘नॉट ॲट ऑल’ किंवा ‘माय प्लेझर’.

## सगळं जोडून

आधी: ‘रिस्पेक्टेड सिस्टर, व्हेरी व्हेरी थँक्स फॉर युवर काइंड को-ऑपरेशन अँड हेल्प्स. आय ॲम व्हेरी मच थँकफुल. वर्ड्स कॅनॉट एक्स्प्रेस.’

नंतर: ‘डिअर सिस्टर, थँक यू सो मच फॉर लुकिंग आफ्टर माय फादर ड्युरिंग हिज थ्री नाइट्स इन द वॉर्ड. इट वॉज व्हेरी काइंड ऑफ यू टू सेंड माय मदर होम टू रेस्ट. शी स्लेप्ट फॉर द फर्स्ट टाइम दॅट वीक. वी आर ट्रूली ग्रेटफुल टू यू.’

दुसऱ्यात जोराचे शब्द विखुरलेले आहेत, प्रत्येक वाक्यात जास्तीत जास्त एक, आणि तिसऱ्या वाक्यात एकही नाही. आई झोपली हे तिथे पुरेसं आहे.

## पाठवण्यापूर्वी

‘थँक यू’ हे दोन शब्द, जोडून लिहू नका. ‘ग्रेटफुल’च्या स्पेलिंगमध्ये मोठा या अर्थाचा ‘ग्रेट’ नाही. ‘जी, आर, ए, टी, ई’ असा क्रम आहे. नावाने हाक मारत असाल तर नावाआधी स्वल्पविराम. उद्गारचिन्ह असलंच तर एक. मुलाखतीनंतरची आभाराची ओळ दुसऱ्या दिवसापर्यंत जावी.

नाव सर्वांत शेवटी, अक्षर अक्षर तपासा. गोव्यात एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहितात: नाईक कोणी ‘के’ने संपवतं, कोणी पोर्तुगीज वळणाने ‘क्यू, यू, ई’ने, सोझामध्ये कोणाकडे ‘झेड’ तर कोणाकडे ‘एस’. अंदाजाने लिहू नका. त्यांच्या ईमेलखालच्या सहीतून, दारावरच्या पाटीवरून किंवा छातीवरच्या बिल्ल्यावरून उतरवून घ्या.